भट्टीत ठरणारी घनता

ॲल्युमिनाची घनता किती, असा प्रश्न परीक्षेत आला तर विद्यार्थी ३.९८ हा आकडा लिहून मोकळा होतो आणि परीक्षकही त्याला पूर्ण गुण देतो. दर घन सेंटिमीटरला ३.९८ ग्रॅम हे उत्तर चुकीचे नाही. मात्र ते ॲल्युमिनाच्या निर्दोष स्फटिकाचे उत्तर आहे, ॲल्युमिनापासून घडविलेल्या वस्तूचे नव्हे. मोटारीच्या स्पार्क प्लगमधील पांढरा विद्युत्‌रोधक, कापडगिरणीत धाग्याला वाट करून देणारी गुळगुळीत कडी, प्रयोगशाळेतील मूस या सर्व वस्तू एकाच ऑक्साइडच्या. तरीही एकीची घनता ३.९ भरते, दुसरीची ३.७ आणि तिसरीची कदाचित ३.४. हा फरक रासायनिक सूत्रात शोधून सापडणार नाही. भुकटी किती बारीक दळली, साच्यात तिच्यावर किती दाब पडला, भट्टी किती तापली, किती वेगाने तापली आणि तिच्यात कोणता वायू खेळत होता, या साऱ्यांच्या बेरजेतून तो निर्माण झालेला असतो.

बाजारात मडके घेणारी गृहिणी ते बोटाने वाजवून पाहते. खणखणीत वाजले तर भाजणी नीट झाली, बद्द वाजले तर आत कच्चेपणा किंवा तडा आहे, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. ऑक्साइडच्या वस्तूंचे शास्त्र हे या परीक्षेचेच विस्तृत रूप आहे असे म्हटले तर वावगे होणार नाही. भेद आहे तो एका मुद्द्यावर. माती, वीट किंवा चिनी मातीची कपबशी भाजताना तिच्यातील काही घटक वितळतात, त्यांची काच होते आणि ती काच उरलेल्या कणांच्या फटींत शिरून त्यांना सांधते. शुद्ध ऑक्साइडच्या बाबतीत असे काहीही वितळत नाही. ॲल्युमिना २०५० अंशांच्या पलीकडे वितळते. तिची भाजणी होते ती १६०० ते १७०० अंश सेल्सिअसला, म्हणजे वितळबिंदूच्या कितीतरी खाली. कण घनरूपच राहतात आणि तरीही एकजीव होतात. या क्रियेला सिंटरिंग म्हणतात. मराठी परिभाषेत तापपिंडन.

न वितळता कण एकमेकांना का चिकटतात? कारण पृष्ठभाग बाळगणे पदार्थाला महाग पडते. पृष्ठभागावरील अणूला एका बाजूने शेजारीच नसतात आणि या उणिवेपोटी त्याच्यापाशी अधिक ऊर्जा साठलेली असते. अर्धा मायक्रॉन व्यासाच्या कणांची एक ग्रॅम ॲल्युमिना घेतली तर तिचे एकूण पृष्ठफळ सुमारे ३ चौरस मीटर, म्हणजे पलंगावरील चादरीएवढे होते. हे पृष्ठफळ कमी करण्याकडे पदार्थाचा स्वाभाविक कल असतो. पण थंड अवस्थेत अणूंना हालचाल करता येत नाही, म्हणून भुकटी वर्षानुवर्षे भुकटीच राहते. तापमान पुरेसे वाढले की अणू सरकू लागतात, दोन कणांच्या स्पर्शबिंदूपाशी मान तयार होते, ती जाड होत जाते आणि कणांमधील पोकळ्या आकसतात. सोव्हिएत पदार्थविज्ञ याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९४५ मध्ये आणि कुचिन्स्की यांनी १९४९ मध्ये या क्रियेला गणिताची चौकट दिली. १९५० मध्ये कॉनयर्स हेरिंग यांनी दाखवून दिले की कणाचा आकार निम्मा केला तर हेच काम, अणू कोणत्या वाटेने जातात त्यानुसार, आठपट किंवा सोळापट कमी वेळात होते. चक्कीत अधिक तास घालविण्याचे समर्थन या हिशेबात आहे.

मात्र भट्टी पेटण्याआधीच अर्धा निकाल लागलेला असतो. फळवाला संत्री रचतो तशी गोलकांची सर्वांत दाट रचना केली तरी जागेचा ७४ टक्केच भाग भरतो. योहान केप्लरने १६११ मध्ये हे अनुमान मांडले आणि त्याची सिद्धता देण्यास १९९८ साल उजाडले. भुकटी काही संत्र्यांसारखी हाताने रचली जात नाही. सारख्या आकाराचे गोल नुसते ओतून हलविले तर ते ६४ टक्क्यांच्या आसपास जागा भरतात आणि खडबडीत, वेड्यावाकड्या कणांची दाबलेली वडी साधारणपणे ५० ते ६० टक्क्यांवर थांबते. उरलेली ४० ते ५० टक्के हवा भाजणीने घालवायची असते. कच्ची वडी ६० टक्के घन असेल आणि ती ९८ टक्क्यांपर्यंत न्यायची असेल, तर तिची प्रत्येक बाजू १५ टक्के आकसते. कच्ची घनता ५० टक्केच असेल तर २० टक्के. म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाची चकती एकदा ८५ मिलिमीटरची होईल आणि एकदा ८० ची. ज्या कारखान्याला दहा-वीस मायक्रॉनच्या अचूकतेने माप द्यायचे आहे, त्याची झोप उडविण्यास एवढे पुरे आहे.

शिवाय एकाच वडीतील घनताही सर्वत्र सारखी नसते. साच्यात वरून दाब दिला की भिंतीशी होणाऱ्या घर्षणामुळे तो खोलवर पोचेपर्यंत क्षीण होतो. दोन्ही टोकांकडून दाबलेल्या दंडगोलात मधला भाग विरळ राहतो. तो भट्टीत अधिक आकसतो आणि सरळ गेलेला दंडगोल डमरूच्या आकाराचा होऊन बाहेर येतो. भुकटीतील गाठींचा उपद्रव याहून छुपा आहे. बारीक कण एकमेकांना धरून गाठी करतात. लाडवाच्या पिठात गुठळी राहिली तर ती चाखताना कळते. येथे गाठ आतल्या आत आजूबाजूच्या भागापेक्षा लवकर आकसते आणि स्वतःभोवती चंद्रकोरीसारखी फट सोडते. पुढे कितीही भाजले तरी ती फट भरून येत नाही. अशा वेळी दोष भट्टीवाल्यावर येतो. वास्तविक चूक दोन दिवस आधी, भुकटी वाळविताना झालेली असते.

आता भाजणी. अधिक ताप, अधिक वेळ म्हणजे अधिक घनता, हा सामान्य समज ढोबळपणे खरा असला तरी पुरेसा नाही. अणूंना जाण्याच्या वाटा अनेक आहेत. दोन कणांच्या सीमेवरून निघून अणू पोकळीत येतात तेव्हा कणांची केंद्रे जवळ सरकतात आणि वस्तू घट्ट होते. परंतु अणू पृष्ठभागावरूनच एका जागेहून दुसऱ्या जागी गेले तर माना जाड होतात, कण मोठे होतात, पृष्ठफळ घटते आणि घनता मात्र तिळभरही वाढत नाही. ही दुसरी वाट कमी तापमानाला अधिक वापरात असते. त्यामुळे मंद आचेवर जास्त वेळ ठेवावे म्हणजे पदार्थ मुरतो, हा स्वयंपाकघरातील शहाणपणा येथे उलटा लागू पडतो. मधल्या तापमानाला रेंगाळलेली भुकटी आपली बारीकपणाची पुंजी घट्ट न होताच खर्चून बसते. याउलट, सुरुवातीच्या दोन-चारशे अंशांत घाई केली तर वडी बांधून ठेवण्यासाठी घातलेला सेंद्रिय चिकटा भसकन जळून वायू सुटतो आणि वडी फुगते किंवा तडकते. कोठे थांबायचे आणि कोठे धावायचे, याचे वेळापत्रक म्हणूनच प्रत्येक भुकटीला वेगळे लागते.

शेवटचे पाच टक्के सर्वांत कठीण. घनता ९२ ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान पोचली की एकमेकांशी जोडलेल्या पोकळ्यांच्या वाटा तुटतात आणि सुटी, बंद रंध्रे उरतात. रंध्र कणांच्या सीमेवर असेपर्यंत सीमेवरून अणू येऊन ते भरू शकते. पण याच सुमारास कण झपाट्याने वाढू लागतात. मोठे कण लहानांना गिळतात, सीमा पुढे सरकतात, आणि सरकता सरकता रंध्राला मागे टाकून निघून जातात. कणाच्या पोटात असे अडकलेले रंध्र सीमेपासून इतके दूर असते की भट्टीत ते व्यवहारतः कायमचे राहते. १९५० च्या दशकापर्यंत शुद्ध ॲल्युमिनाची वस्तू पांढरी आणि अपारदर्शक असते, ही जणू निसर्गाची मर्यादा मानली जात होती. प्रत्यक्षात तो पांढरेपणा ॲल्युमिनाचा नव्हताच. आत अडकलेल्या असंख्य रंध्रांवरून प्रकाश विखुरल्याचा तो परिणाम होता.

ही मर्यादा मोडली ती न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधनशाळेत. रॉबर्ट कोबल या तरुण संशोधकाने ॲल्युमिनात अत्यल्प मॅग्नेशिया, म्हणजे शेकडा अर्ध्या भागाहूनही कमी, मिसळून ती भाजली आणि कणांची बेबंद वाढ आटोक्यात आली. सीमा संथ झाल्या, रंध्रे त्यांच्यासोबत राहिली आणि भरून गेली. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची होती. बंद रंध्रात अडकलेल्या वायूचे काय होते, हा प्रश्न कोबल यांनी पद्धतशीरपणे तपासला. भट्टीत हवा असेल तर रंध्रात नायट्रोजन कोंडला जातो. रंध्राची त्रिज्या निम्मी झाली की आकारमान एक अष्टमांश होते आणि वायूचा दाब आठपट. हा दाब आकसण्याच्या प्रेरणेला तोलून धरतो व क्रिया तेथेच ठप्प होते. आरगॉन व हेलियम यांतही तेच घडते. परंतु हायड्रोजन आणि ऑक्सिजन तप्त ॲल्युमिनातून झिरपून बाहेर पडू शकतात. निर्वातात तर कोंडायला काही नसतेच. हायड्रोजनमध्ये किंवा निर्वातात, सतराशे अंशांच्याही वर भाजलेली त्यांची ॲल्युमिना जवळजवळ रंध्रहीन झाली आणि तिच्यातून प्रकाश आरपार येऊ लागला. १९६२ मध्ये तिचे पेटंट मिळाले. ल्युकॅलॉक्स हे तिचे व्यापारी नाव.

प्रकाश पाझरणाऱ्या या नळीला काम मिळाले ते रस्त्यावर. उच्च दाबाची सोडियमची तप्त वाफ साध्या काचेलाच काय, क्वार्ट्‌झलाही खाऊन टाकते. ॲल्युमिना तिला दाद देत नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून जगभरच्या रस्त्यांवर जो सोनेरी पिवळा उजेड पसरला, त्या प्रत्येक दिव्याच्या पोटात बोटाएवढी ॲल्युमिनाची नळी होती. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर २०१५ साली पिवळ्या दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी दिवे आले तेव्हा राणीचा रत्नहार विटला म्हणून केवढा गहजब झाला. ज्या पिवळेपणाबद्दल नागरिक हळहळले तो सोडियमचा होता. पण तो रस्त्यावर आणणे शक्य झाले होते एका भट्टीतील वायू बदलल्यामुळे आणि चिमूटभर मॅग्नेशियामुळे, हे त्या वादात कोणाच्या ध्यानी आले असण्याचा संभव कमीच.

येथवर वाचून असे वाटेल की घनता जितकी अधिक तितके उत्तम. युरेनियमच्या ऑक्साइडने हा ग्रह १९७२ मध्ये जोरदारपणे खोटा ठरविला.

अणुभट्टीचे इंधन म्हणजे बहुतेक ठिकाणी युरेनियम डायऑक्साइडच्या सुमारे एक सेंटिमीटर व्यासाच्या भाजलेल्या गोळ्या, झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या लांब नळीत एकावर एक रचलेल्या. या ऑक्साइडची सैद्धांतिक घनता १०.९६. गोळी दाबून हायड्रोजनयुक्त वातावरणात १७०० अंशांच्या आसपास भाजतात. हायड्रोजन येथे वेगळ्या कारणासाठी लागतो. भुकटीत ठरलेल्या प्रमाणापेक्षा थोडा अधिक ऑक्सिजन असतो. तो भाजताना अणूंची हालचाल सुकर करतो, पण तयार गोळीत तो नको असतो, आणि हायड्रोजन तो काढून घेतो. गोळीच्या केंद्रातील तापमान हजार अंशांच्या पलीकडे जाते, तर पाच मिलिमीटर अंतरावरील पृष्ठभाग काही शे अंशांवर असतो. ऑक्साइड मुळातच उष्णतेचे मंद वाहक. त्यात रंध्रे वाढली की उष्णता बाहेर पडणे आणखी अवघड होते आणि केंद्र अधिकच तापते.

न्यूयॉर्क राज्यातच, ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठी, रॉबर्ट गिन्ना या नावाचे अणुविद्युत् केंद्र १९७० मध्ये सुरू झाले होते. १९७२ च्या वसंतात इंधन बदलण्यासाठी ते उघडले तेव्हा काही नळ्या ठिकठिकाणी चपट्या झालेल्या आढळल्या. कोणी चिमटीत धरून दाबाव्यात तशा. चौकशीत जे निष्पन्न झाले ते ऑक्साइडच्या अभ्यासकांना लाजविणारे होते. गोळ्यांची भाजणी अणुभट्टीच्या आत पुढे चालू राहिली होती. गोळ्या आकसल्या, वरच्या गोळ्या कोठेतरी अडकून राहिल्या, खालच्या खचल्या, आणि मध्ये रिकामी जागा पडली. नळीबाहेरील पाण्याचा दाब सुमारे दीडशे वातावरणांएवढा. आत आधार नाहीसा होताच त्याने नळी चेपली. भाजणी पुढे चालू राहण्यास तेथील तापमान पुरेसे नव्हते, असे मानले गेले होते. परंतु युरेनियमच्या विखंडनातून निघालेले वेगवान तुकडे गोळीतून जाताना वाटेतील सूक्ष्म रंध्रे विस्कटून टाकतात, आणि भट्टीत जे तापमानाने होते ते येथे विखंडनाने होते. एक मायक्रॉनपेक्षा लहान रंध्रे अशा प्रकारे विरघळून जातात. मोठी टिकून राहतात. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने १९७२ च्या नोव्हेंबरात या विषयावर अहवाल काढला आणि काही अणुभट्ट्यांच्या शक्तीवर मर्यादा घातल्या.

मग गोळी शंभर टक्के घन करून टाकावी, म्हणजे आकसण्यास वावच राहणार नाही, असा उपाय कोणाला सुचेल. तोही चालत नाही. विखंडनातून निर्माण होणारी मूलद्रव्ये मूळ युरेनियमपेक्षा अधिक जागा मागतात आणि त्यांतील झेनॉन-क्रिप्टॉन हे तर वायूच असतात. रंध्रहीन गोळी काही महिन्यांत फुगून नळीला रेटू लागेल. म्हणून सुमारे पाच टक्के रंध्रे हवीत. पण ती मोठी, गोल आणि न विरघळणारी हवीत. आज भुकटीत जळून जाणारा पदार्थ मुद्दाम मिसळून हव्या त्या आकाराची रंध्रे घडविली जातात. नळीत आधीच दाबाने हेलियम भरला जातो. आणि तयार गोळ्यांचे नमुने पुन्हा १७०० अंशांवर २४ तास ठेवून त्या किती आकसतात, हे तपासले जाते. म्हणजे ९५ टक्के घनता हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. उरलेले पाच टक्के कोणत्या आकाराचे आहेत हे विचारावे लागते.

हा प्रश्न भारतालाही परका नाही. तारापूरची अणुभट्टी १९६९ मध्ये सुरू झाली. राजस्थानच्या पहिल्या अणुभट्टीच्या सुरुवातीच्या इंधनाचा काही भाग तुर्भे येथे तयार झाला आणि १९७१ मध्ये हैदराबादला आण्विक इंधन संकुल उभे राहिले. भुकटी फार क्रियाशील झाली तर हवेत ऑक्सिजन घेते आणि गोळ्या तडकतात. फार मंद झाली तर कितीही भाजून घनता येत नाही. ही कसरत तेथील तंत्रज्ञांनी स्वतःच्या भुकटीवर, स्वतःच्या भट्टीत शिकली. अशी विद्या बाहेरून आयात होत नाही. आकडा आयात करता येतो. तो गाठण्याची वाट प्रत्येक कारखान्याला आपल्या भुकटीपासून नव्याने आखावी लागते.

एका जागी बसलेली वाट दुसऱ्या भट्टीत मोडते, याचे सर्वांत क्लेशकारक उदाहरण फ्रान्समधून आले. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडावर बसविण्याचा गोळा झिर्कोनियाचा करीत. यट्रिया मिसळलेला हा ऑक्साइड विलक्षण चिवट. तडा पुढे जाऊ लागला की टोकापाशी त्याचे स्फटिक रूप बदलतात, थोडे फुगतात आणि तड्याचे तोंड दाबून धरतात. पण हाच गुण पाण्याच्या सान्निध्यात अवगुण ठरू शकतो. शरीरातील ओलाव्यात पृष्ठभागावरील स्फटिक आपोआप रूप बदलू लागले तर सूक्ष्म भेगा पडतात, त्यांतून पाणी आणखी आत जाते. पदार्थ घट्ट असेल तर ही झीज अतिशय मंद राहते. सेंट-गोबेन समूहातील एका कंपनीचे असे गोळे अनेक वर्षे समाधानकारक चालले होते. १९९८ मध्ये उत्पादनासाठी नवी, अखंड चालणारी बोगदाभट्टी आली. पूर्वी घाणा भरून, बंद करून, थंड करून काढीत. आता वस्तू एका टोकाने आत जाऊन दुसऱ्या टोकाने बाहेर येऊ लागल्या. भुकटी तीच, रासायनिक घटना तीच. परंतु गोळ्याच्या गाभ्याला मिळणारी उष्णता तीच राहिली नाही आणि काही घाण्यांत मध्यभागी थोडी अधिक रंध्रे उरली. नुसत्या गोळ्यात ती निरुपद्रवी ठरली असती. पण दांडा बसविण्यासाठी भाजणीनंतर गोळ्याला भोक पाडावे लागे, आणि त्या भोकाच्या तळाशी नेमका तोच विरळ गाभा उघडा पडे. २००१ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने गोळे परत मागविले. अल्पावधीत सुमारे ४०० गोळे रुग्णांच्या शरीरात तुटले होते. प्रत्येक तुटलेला गोळा म्हणजे पुन्हा एक शस्त्रक्रिया, आणि तीही मांसात विखुरलेले कठीण तुकडे वेचण्याची. सरासरी घनता मोजून हा दोष पकडणे अवघड होते, कारण विरळ भाग एकंदर आकारमानाच्या मानाने अगदी थोडा होता.

या तीन उदाहरणांच्या प्रकाशात आपल्याकडील अभ्यासक्रमांकडे आणि खरेदीच्या निविदांकडे पाहिले की मन साशंक होते. शुद्धता ९९ टक्के, एवढे लिहून पुष्कळदा मागणीपत्र पुरे होते. १९५३ मध्ये रिश्केविच यांनी ॲल्युमिना आणि झिर्कोनियावर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले होते की दहा टक्के रंध्रांनी मजबुती जवळजवळ निम्मी होते. ९९ टक्के शुद्ध असलेली वस्तू ८८ टक्के घन असू शकते, आणि मग तिची शुद्धता काय जाळायची आहे? कोल्हापूर जिल्ह्यातील बॉक्साइट अनेक दशके बेळगावच्या कारखान्यात जात आले आणि त्याची ॲल्युमिना झाली. कच्चा माल देशात आहे; कोलकात्याची काच व मृत्तिका संशोधनसंस्था १९५० पासून काम करीत आहे. तरीही भट्टीवर उभे राहणे हे पदवीधराचे काम नव्हे, अशी समजूत शिकलेल्या वर्गात घट्ट रुजलेली आहे. भट्टीवाला आपले वेळापत्रक डोक्यात ठेवतो आणि निवृत्त होताना ते घेऊन जातो. फ्रान्समधील त्या कंपनीत निदान कोणता गोळा कोणत्या घाण्यातला याची नोंद होती. म्हणून दोष भट्टीच्या बदलापर्यंत नेऊन भिडविता आला.

घनता मोजण्यास मोठी यंत्रेही लागत नाहीत, हे शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी ध्यानात घ्यावे. आर्किमिडीजचा नियम आणि एक चांगला तराजू पुरतो. मुशीचा फुटका तुकडा कोरडा तोलावा. काही तास पाण्यात उकळून, निवल्यावर पाण्यात टांगून तोलावा. मग बाहेर काढून, ओलसर फडक्याने टिपून पुन्हा तोलावा. समजा, ही वजने अनुक्रमे ३९, २९ आणि ३९.५ ग्रॅम आली. भिजलेल्या व टांगलेल्या वजनांतील फरक १०.५, तेच घन सेंटिमीटरमधील आकारमान, घनता ३.७१. सैद्धांतिक घनतेच्या ही ९३.३ टक्के, म्हणजे एकूण रंध्रे ६.७ टक्के. तुकड्याने पाणी प्यायले अर्धा ग्रॅम, म्हणजे उघडी रंध्रे ४.८ टक्के. उरलेली १.९ टक्के बंद रंध्रे, जेथवर पाणी पोचलेच नाही. एका तासिकेच्या या खटाटोपातून विद्यार्थ्याला पुस्तकातील ३.९८ आणि हातातील वस्तू यांच्यामधील अंतर जेवढे कळेल, तेवढे दहा व्याख्यानांनी कळणार नाही.

भाजणीची तंत्रे मात्र थांबलेली नाहीत. चोहोबाजूंनी तप्त वायूचा दाब देऊन शेवटची रंध्रे चेपून टाकण्याची पद्धत रूढ झाली आहे. २००० साली चेन आणि वांग यांनी यट्रियावर दाखविले की प्रथम तापमान थोडा वेळ वर नेऊन मग ते खाली आणून दीर्घकाळ ठेवले तर कण न वाढताही पूर्ण घनता येते; कोबल यांनी मॅग्नेशियाने जे साधले ते येथे केवळ वेळापत्रकाने साधले. २०१० मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात ऋषी राज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिर्कोनियाला विद्युत्‌क्षेत्र लावून ८५० अंशांच्या भट्टीत पाच सेकंदांच्या आत ती भाजून दाखविली, जे काम एरवी चौदाशे अंशांवर तासन्‌तास चालते. ऊर्जेची बचत डोळे दिपविणारी आहे. पण पाच सेकंदांत विजेचा प्रवाह सर्व अंगातून सारखा जातो की एखाद्या वाटेने अधिक, गाभा आणि कड एकाच तापमानाला पोचतात का, आणि गोळ्याएवढ्या जाड वस्तूत मधला भाग विरळ तर राहत नाही ना, यावर प्रयोगशाळांमध्ये अद्याप वाद चालू आहे.